पक्षाचा झेंडा आणि निवडणूक चिन्ह कसं वाचायचं

आधी झेंडा आणि चिन्ह वेगळं करा. झेंडा पक्ष स्वतः ठरवतो. मतदान यंत्रावरचं चिन्ह निवडणूक आयोग 1968 च्या चिन्ह आदेशानुसार देतो. मान्यताप्राप्त पक्षाचं चिन्ह राखीव असतं, बाकीच्यांना मुक्त चिन्हांच्या यादीतून घ्यावं लागतं. म्हणून विचारसरणी शोधायची तर झेंड्यात शोधा. चिन्हात ती सापडेलच असं नाही. भाकपचंच (भारतीय कम्युनिस्ट पक्ष) बघा: लाल झेंड्यावर विळा-हातोडा, पण यंत्रावर कणीस आणि विळा. विळा, हातोडा आणि तारा हे माकपचं (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष) चिन्ह. इथे हमखास चूक होते.

झेंड्याचा रंग पाहिलात की लगेच मांडणी पाहा, कारण एकट्या रंगावरून पक्ष ओळखता येत नाही. भगवा शिवसेनेचाही आणि 23 जानेवारी 2020 पासून मनसेचाही. मनसेच्या भगव्यावर शिवाजी महाराजांची राजमुद्रा आहे, त्याआधीचा झेंडा अनेक रंगांच्या पट्ट्यांचा होता. भाजपच्या झेंड्यात काठीलगत हिरवा आणि पुढे त्याच्या दुप्पट भगवा, त्या भगव्यात निळं कमळ. तमिळनाडूतल्या द्रमुकचा वर काळा, खाली लाल: काळा समाजातल्या अंधाराचा, लाल तो हटवणाऱ्या क्रांतीचा. इथे रंगांचा क्रमसुद्धा अर्थाचाच भाग आहे. निळा आंबेडकरी चळवळीचा, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनपासून रिपब्लिकन गटांपर्यंत आणि पुढे बसपापर्यंत आलेला.

चिन्हाचं वाचन मात्र तारखेशिवाय करूच नका. काँग्रेसची आधी बैलजोडी, 1971 आणि 1977 ला गाय-वासरू, मग 1978 मधल्या फुटीनंतर इंदिरा गटाचा हात. जुन्या भिंतीवर किंवा छायाचित्रात गाय-वासरू दिसलं तर काळ जवळजवळ हातात आला. महाराष्ट्रात तर ही खबरदारी आता रोजची आहे. शिवसेनेचा धनुष्यबाण 17 फेब्रुवारी 2023 रोजी शिंदे गटाला मिळाला, ठाकरे गटाकडे मशाल राहिली. राष्ट्रवादी काँग्रेसचं घड्याळ फेब्रुवारी 2024 मध्ये अजित पवार गटाकडे गेलं आणि शरद पवार गटाला तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. चित्राखालची ओळ लिहिताना पक्षाचं पूर्ण नाव आणि वर्ष दोन्ही द्या.

चिन्हाचं नावही आयोगाच्या यादीतलंच वापरा. 2024 च्या लोकसभेला पिपाणीचं चित्र असलेल्या मुक्त चिन्हाचं मराठी नाव ‘तुतारी’ होतं, आणि त्यामुळे मतं वळल्याची तक्रार शरद पवार गटाने केली. विधानसभेला त्याचं नाव ‘ट्रम्पेट’ झालं. नुसतं ‘तुतारी’ लिहिलंत तर वाचकाला कोणतं चिन्ह ते कळणार नाही.

राज्य तपासणं राहिलं. प्राण्यांची नवी चिन्हं आयोग देत नाही, पण हत्ती जुना म्हणून टिकला. तो बसपाचा खरा, तरी आसामात आसाम गण परिषदेचा आहे.