महासत्तेने मागितलेली मदत कशी तपासावी

एखादी महासत्ता आधी स्वतःच्या बळावर युद्धाचा निर्णय घेते आणि काही महिन्यांतच इतर देशांकडे सैन्य व पैसा मागू लागते, तेव्हा तिचे धोरण बदलले की केवळ भाषा बदलली, हे नेत्यांच्या भाषणांवरून ठरवू नये. अशी तपासणी कशी करावी, हे शिकण्यासाठी २००३-०४ मधील अमेरिकेचे इराकविषयक धोरण अतिशय उपयुक्त आहे.

प्रथम घटनाक्रम तारखांसह मांडून घ्यावा. पुरेसा पाठिंबा मिळत नाही असे दिसताच अमेरिका, ब्रिटन आणि स्पेन यांनी १७ मार्च २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतील, इराकवरील लष्करी कारवाईला मान्यता मिळवण्यासाठीचा आपला दुसरा ठराव पुढे न रेटण्याचे ठरवले आणि तीनच दिवसांत इराकवर हल्ला सुरू झाला. १९ ऑगस्टला बगदादमधील संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयावर झालेल्या बॉम्बहल्ल्यात विशेष प्रतिनिधी सेर्जिओ व्हिएरा दे मेलो यांच्यासह २२ जण मरण पावले. त्यानंतर ७ सप्टेंबरला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आपल्या संसदेकडे, म्हणजे काँग्रेसकडे, ८७ अब्ज डॉलर मागितले आणि त्याच भाषणात इतर देशांनाही हातभार लावण्याचे आवाहन केले. हा क्रम पाहून ‘अडला हरी’ म्हणून विषय संपवण्याचा मोह होतो; तो टाळावा, कारण नाइलाजाने केलेला बदलही पुढे टिकू शकतो.

यानंतरचे काम कंटाळवाणे, पण सर्वांत महत्त्वाचे आहे: ठरावाचा मूळ मजकूर वाचणे. प्रस्तावनेतील गोड शब्द ओलांडून थेट क्रमांकित परिच्छेदांकडे जावे आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा, की येथे अधिकार नेमका कोणाकडून कोणाकडे जातो? सुरक्षा परिषदेचा १६ ऑक्टोबर २००३ चा इराकविषयक ठराव १५११ एकमताने संमत झाला, म्हणून वरवर पाहता तो मोठा विजय वाटतो. त्याच्या १३ व्या परिच्छेदात बहुराष्ट्रीय फौजेला मान्यता आहे, परंतु ती ‘एकात्म नेतृत्वाखाली’, म्हणजे व्यवहारात अमेरिकेच्याच हुकमतीत राहणार होती. १४ व्या परिच्छेदात सदस्य देशांना सैन्यासह मदत देण्याचा आग्रह केला आहे, आणि अशा आग्रहाने कोणीही बांधले जात नाही. अमेरिकेने किमान दर सहा महिन्यांनी परिषदेला अहवाल द्यावा, अशी विनंती शेवटी आहे. थोडक्यात, जबाबदारीत वाटेकरी हवे होते, पण दोऱ्या सोडायच्या नव्हत्या.

मतदानापेक्षा त्यानंतरच्या कृतीवर विश्वास ठेवावा. फ्रान्स, जर्मनी आणि रशिया यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले आणि लगेच संयुक्त निवेदन काढून सैन्य किंवा वाढीव निधी देणार नसल्याचे स्पष्ट केले. संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवण्यास भारताने तर जुलैमध्येच नकार दिला होता.

पैशाच्या बाबतीत जाहीर झालेला आकडा आणि प्रत्यक्ष मदत वेगळी ठेवावी. इराकच्या पुनर्उभारणीसाठी ऑक्टोबरमध्ये माद्रिदला भरलेल्या देणगीदार देशांच्या परिषदेत सुमारे ३३ अब्ज डॉलरची आश्वासने मिळाली, पण त्यातील निम्म्याहून अधिक वाटा खुद्द अमेरिकेचा होता आणि उरलेल्यातही कर्जे बरीच होती. कंत्राटांचे नियमही अवश्य पाहावेत, कारण तेथे खरा हेतू लवकर उघडा पडतो. डिसेंबर २००३ मध्ये पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, इराकमधील १८.६ अब्ज डॉलरच्या पुनर्उभारणीच्या कामांची मुख्य कंत्राटे सहकारी देशांपुरती मर्यादित केली आणि युद्धाला विरोध करणारे फ्रान्स, जर्मनी, रशिया बाहेर राहिले. ज्यांच्याकडे इराकचे कर्ज माफ करण्याची विनंती घेऊन जायचे, त्यांनाच त्याच आठवड्यात दार बंद करणे हा कोणत्याही हिशेबाने शहाणपणा नव्हता.

मात्र तपासणी पहिल्या ठरावापाशी थांबवू नये. निदान वर्षभराचा काळ पाहावा. ८ जून २००४ च्या ठराव १५४६ मध्ये फौजेचे नेतृत्व अमेरिकेकडेच राहिले, तरी इराकी सरकारने मागणी केल्यास फौजेची मुदत संपेल, हे स्पष्ट लिहिले गेले. आठ महिन्यांपूर्वीच्या ठरावात ही अट नव्हती, आणि अधिकार सरकल्याची खूण अशाच वाक्यात शोधायची असते. नोव्हेंबर २००४ मध्ये पॅरिस क्लबच्या धनको देशांनी इराकवरील ३८.९ अब्ज डॉलर कर्जापैकी ८० टक्के टप्प्याटप्प्याने माफ करण्याचे मान्य केले. त्या देशांत कंत्राटांतून वगळलेले हे तिघेही होते.