भाकरी खाऊनही काय चुकतं? रोजच्या जेवणातल्या या चुका टाळा

"आम्ही सोलापूरची माणसं. ताटात भाकरी असते, आम्हाला कसलं आलंय डाएट!" हे मी माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं आणि बरीच वर्षं स्वतःही म्हणत आले. मग मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, रक्तातली साखर वाढलेली निघाली. भाकरी तर ते रोज खात होते. एका बैठकीला चार.

भाकरी मोजायचीच नाही

ज्वारी गुणाची आहे, वाद नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा मलाही अभिमान आहे. पण १०० ग्रॅम ज्वारीत ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. चोथा भरपूर, म्हणून पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. पण चार भाकरी त्या चारच.

आम्ही चाराच्या दोन केल्या आणि इथेच दुसरी चूक केली. ताटातून दोन भाकरी काढल्या, त्यांच्या जागी काहीच वाढलं नाही. आठवडाभर मामा चिडचिडे. रात्री अकराला स्वयंपाकघरात डब्याचा आवाज, बघते तर फरसाण. भूक काय कॅलेंडर बघून लागत नाही. मग आधी वाटीभर मुगाची नाहीतर मटकीची उसळ आणि वाडगाभर पालेभाजी वाढायला लागले, भाकरी त्यानंतर. दोन भाकरीत पोट भरायला लागलं, डब्याचा आवाजही थांबला. (मधुमेहाचं औषध चालू असेल तर भाकरी एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. साखर खाली जाऊ शकते.)

भाकरी, चटणी, तेल, झालं जेवण

ही खास आपली चूक, म्हणून जरा सविस्तर. उखळात कुटलेली शेंगाचटणी, वर तेलाची धार, सोबत कडक भाकरी. लिहितानाही तोंडाला पाणी सुटतंय. पण हिशोब बघा. दोन मोठे चमचे चटणी म्हणजे शंभरच्या वर कॅलरी, वरचं मोठा चमचाभर तेल आणखी १२० च्या घरात. शेंगदाण्यात स्वतःचं तेलच निम्म्याच्या आसपास असतं, त्यावर पुन्हा तेल कशाला? कोरडी लागत असेल तर दही घाला. आमच्याकडे आता दहीच चालतं. पाहुणे आले की तेलाची वाटी निघते, ते जाऊ द्या.

तेलापेक्षा मोठा घोटाळा म्हणजे चटणी असली की आमटी होतच नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. भाकरीबरोबर आमटी किंवा पिठलं खायची जुनी रीत म्हणजे एकाची उणीव दुसऱ्यानं भरून काढणं. चटणीला तोंडी लावण्यापुरतं ठेवा, आमटीची वाटी रोज हवीच.

मिठाचंही तेच. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक छोटा चमचा मीठ पुरे. चटणी, लोणचं, पापड आणि ताकात मीठ, एवढं सगळं एका जेवणात आलं की तो चमचा कधीच ओलांडलेला असतो.

पालेभाजी उकळून पाणी फेकणं

हिवाळ्यात लक्ष्मी मंडईत मेथी, चाकवत, करडईची भाजी, हरभऱ्याचा पाला, काय नसतं! आपण ती भरपूर पाण्यात शिजवतो आणि पाणी मोरीत ओततो. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं त्याच्याबरोबर जातात. थोड्याच पाण्यात झाकण ठेवून वाफवा आणि उरलेलं पाणी आमटीत घाला. ताटात लिंबाची फोड ठेवा, लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतलं लोह अंगी लागतं.

जेवण झालं की लगेच चहा

लिंबानं जे कमावलं ते चहा घालवतो. चहातली टॅनिन लोह शोषू देत नाहीत. जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा नको. साखरेचा हिशोबही करून बघा. दोन चमच्यांचे चार कप म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम साखर, आणि दिवसाची मर्यादा २५ ग्रॅम धरतात. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, मीच सोडलेला नाही. कप लहान घ्या, साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. महिन्याभरात जुना चहा गोड मिट्ट लागतो.

उन्हाळ्यात दिवसभर उपास, रात्री मेजवानी

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे गेला की दुपारी घास उतरत नाही. मग थंडगार बाटल्या आणि रात्री साडेदहाला दिवसभराचं एकदम. तेच पोट घेऊन गच्चीवर झोपायचं आणि सकाळी करपट ढेकर. आमच्याकडे जमलेला उपाय सांगते. सकाळी नऊला नीट न्याहारी, दुपारी ज्वारीची आंबील किंवा ताक आणि काकडी-कांद्याची कोशिंबीर, संध्याकाळी मूठभर फुटाणे. संध्याकाळचे फुटाणे चुकले की रात्री हात आवरत नाही. कारखान्यात पाळी असेल त्यांनी वेळा आपापल्या पाळीप्रमाणे सरकवाव्यात.

सोमवारपासून सगळंच बदलायचं

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून दुकानात मिलेटची बिस्किटंही आली. पाकिटाच्या मागचं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. मैदा आणि साखर आधी, ज्वारी मागून, असं असेल तर ते बिस्किटच.

आणि गहू-भात खाणाऱ्यांनी एका दिवसात ज्वारी-कडधान्यांवर उडी मारली की पोट फुगतं. आधी एका वेळची भाकरी, पाणी नेहमीपेक्षा जास्त, कडधान्यं रात्रभर भिजवून. भाकरी थापताना फाटते म्हणून कंटाळा येत असेल तर दोष बहुतेक वेळा पिठाचा असतो. जुन्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, राहत नाही. आठवड्यापुरतंच दळून आणा आणि उकळत्या पाण्यानं मळा. मुलं भाकरीला नाक मुरडत असतील तर त्याच पिठात बेसन, कांदा, मेथी घालून धपाटे लावा. आमच्या धाकट्याला अजून पत्ता नाही की तो मेथी खातो.