‘माळ्यावर कोणीतरी आहे’: मुलांची रात्रीची भीती आणि कोकणातलं घर

साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना रात्री खोलीत कुणीतरी दिसतं, कुणाची तरी चाहूल लागते. या वयात कल्पना जोरात धावायला लागते, पण मनातलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं हे अजून नीट उमगत नाही. ‘काही नाहीये, झोप’ असं म्हटलं की मूल आणखी बिथरतं, कारण आवाज त्याने खरोखर ऐकलेला असतो. कौलारू घर रात्री कधी गप्प बसतं का? तेव्हा राक्षस हाकलत बसू नका. आवाजाचा मालक शोधा, आणि तोही दिवसाउजेडी.

दुपारी चारच्या सुमारास मुलाच्या अंथरुणावर त्याच्याशेजारी आडवे व्हा. उभं राहून खोली बघण्यात अर्थ नाही, त्याच्या उशीवरून काय दिसतं ते बघायचं. खुंटीवरचा सदरा, दाराआड लटकणारा रेनकोट, माळ्याचं उघडं तोंड. जे भीतीदायक वाटेल ते मुलानेच स्वतःच्या हाताने हलवायचं. माळ्याच्या तोंडावर फळी किंवा पडदा मात्र मोठ्यांनी लावून द्यावा.

मग आवाज. दिवसभर तापलेली कौलं रात्री निवताना आकसतात, खालचे वासे आणि रिपाही हलतात, म्हणून टक्‌टक्‌ होते. माळ्यावरची खुडबुड बहुतेक उंदरांची, कौलांवरून कुणी धावत गेलं तर ते उदमांजर असू शकतं. लांबट, चिरका फिस्कारा गव्हाणी घुबडाचा. पडवीच्या पत्र्यावर ‘टण्ण’ वाजलं की सकाळी खाली बघा: वटवाघळाने अर्धवट चघळून टाकलेला बदाम किंवा जांभूळ सापडेल. ते दाखवा, पण हात लावू देऊ नका.

‘धप्प’ आवाज आला तर ती झावळ. सकाळी ती मुलालाच अंगणातून ओढत आणायला सांगा. सुकी पानं जमिनीवर घासत खर्र-खर्र करत येतील, आणि बहुतेक मुलं तिथेच थांबून मागे वळून बघतात: भिंतीवर रात्री जे नखं ओरखडत होतं, ते हेच. हा शोध त्याचा त्याला लागू द्या, आधी सांगून टाकू नका. घराला टेकणाऱ्या झावळ्या नंतर तोडून घ्या. एका वहीत आवाज आणि त्याचा मालक अशी चित्रं काढा. मालक सापडला नाही तर जागा कोरी ठेवा, काहीतरी ठोकून देऊ नका.

एक गोष्ट मात्र बेधडक सांगू नये: ‘खाटेखाली काही नसतं.’ आपल्याकडे मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते, आणि रत्नागिरीकडे फुरसंही आहेच. इथे मुलाचं भिणं थोडं शहाणपणाचंच आहे. नियम सोपा ठेवा: खाली बघायचं ते मोठ्यांनी, टॉर्च लावून, झोपण्याआधी एकदाच. पुन्हा पुन्हा तपासलं तर ‘काहीतरी असणार’ हीच शंका पक्की होते. मुलाने अंधारात हात घालायचा नाही, टॉर्चशिवाय पाय खाली टाकायचा नाही. मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा. ती ताणून बांधा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने फुगून तीच भूत होते.

दिवा अर्ध्या वॅटचा, पिवळा किंवा तांबूस घ्या. पांढऱ्या-निळ्या उजेडाने झोप उशिरा लागते. दिवा आणि मोकळी भिंत यांच्यामध्ये काही येऊ देऊ नका. दिवा खाली आणि समोर खुर्ची असली की छतापर्यंत पाय पसरलेला राक्षस तयार. लाईट गेल्यावरचा अंधार सगळ्यात वाईट वाटतो, कारण डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. याची तालीम संध्याकाळी करा: सांगून दिवे घालवायचे, पहिल्या दिवशी एक मिनिट, मग तीन, मग पाच, आणि तेवढ्यात टॉर्चने लपवलेला चमचा शोधायचा.

झोपेची वेळही बघा. दमलेलं मूल जास्त भितं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते. झोपण्याआधी तासभर मोबाईल बंद.

आता मुख्य काम. पहिल्या तीन रात्री खाटेला लागून बसा, पुढच्या तीन दारात, मग माजघरात आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. ‘पाच मिनिटांनी येते’ म्हटलं तर पाचव्या मिनिटाला जायचंच, हाक आली नसली तरी. हाक मारल्यावरच गेलात तर हाकाच वाढतात. मध्ये ताप आला, पाहुणे आले आणि घडी विस्कटली, तर एकच पायरी मागे या, पहिल्यापासून सुरू करू नका. सगळे माजघरात ओळीने झोपत असाल तर खुशाल झोपा. वेगळी खोली हवीच असं काही नाही, शांत झोप हवी.

‘राक्षस पळवायचं पाणी’ फवारण्याची युक्ती चार रात्री चालते. मग रात्री दोन वाजता बाटली रिकामी होते, आणि राक्षस खरा होता हे तुम्हीच कबूल केलेलं असतं.

आजीचं ‘गप नीज, नायतर देवचार येतलो’ (गप्प झोप, नाहीतर भूत येईल) बंद व्हायला हवं, पण मुलासमोर वाद घालू नका. बाजूला नेऊन म्हणा, ‘आजी, राखणदार घर राखतो, तेवढंच सांगा.’ बहुतेक आज्या ऐकतात. शिमग्यात काळ्या कपड्यातला, मुखवटा घातलेला संकासुराचा सोंगाडी दारात आला की काही मुलं पुढे महिनाभर झोपत नाहीत. मुखवटा चढायच्या आधी मुलाला त्या माणसाची भेट घालून द्या. दशावतारातल्या राक्षसालाही रंग लावताना दाखवा.

मध्यरात्री किंचाळून उठलेल्या मुलाचं काय? झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत डोळे उघडे, घामाघूम, पण तुम्हाला ओळखत नाही आणि सकाळी काही आठवत नाही, तर ते स्वप्न नव्हे. जागं करू नका, पडणार नाही एवढं बघा, काही मिनिटांत शांत होतं. पहाटेकडे जागं होऊन स्वप्न सांगत असेल तर जवळ घ्या, ऐका, पण चौकशा सकाळी.

भीती महिनोन्‌महिने टिकली, दिवसाही शाळा-खेळ सुटू लागले, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, किंवा झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराच्या नोंदी न्या: किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, काय म्हणालं. झोपेत अंग ताठ होत असेल किंवा हातपाय झटकत असतील तर वाट बघू नका. एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, लगेच दाखवा.