इंग्रजी शिकवण्यासाठी आशियातला देश निवडताना

आशियात इंग्रजी शिकवायला जाऊ पाहणारे बहुतेक जण पगारांच्या तक्त्यापासून सुरुवात करतात आणि पहिल्याच पायरीवर चुकतात. कोणता देश किती पगार देतो हा प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचा क्रम बराच नंतरचा आहे. आपला पासपोर्ट, आपली पदवी आणि आपला अनुभव पाहता कोणत्या देशाचा कायदा आपल्याला शिक्षक म्हणून काम करू देतो, हे आधी तपासावे. एवढ्याने यादीतले निम्मे देश गळतात आणि उरलेल्यांची तुलना मग मनापासून करता येते.

दक्षिण कोरियाचे उदाहरण घेऊ. तेथे परदेशी भाषाशिक्षकांना ई-2 नावाचा व्हिसा दिला जातो आणि इंग्रजीच्या बाबतीत तो मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड व दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी राखलेला आहे. पासपोर्ट या सातांपैकी नसेल, तर इंग्रजी कितीही अस्खलित असले तरी ‘हागवॉन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खासगी शिकवणीवर्गांत नोकरी मिळत नाही. भारतीय नागरिकांना मात्र एक अरुंद वाट मोकळी आहे. 1 जानेवारी 2010 पासून अमलात असलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे, पदवी आणि इंग्रजी विषयाची अध्यापन-पात्रता असलेल्या भारतीयांना तेथील प्राथमिक व माध्यमिक शाळांत सहायक शिक्षक म्हणून हाच व्हिसा मिळू शकतो. बी.एड. झालेल्यांनी ही तरतूद नजरेआड करू नये. केवळ पदवी आणि एखादे ऑनलाइन प्रमाणपत्र हाती असणाऱ्यांनी मात्र कोरियावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही.

जपानची कसोटी निराळी आहे आणि माझ्या मते ती अधिक न्याय्य आहे. सार्वजनिक शाळांसाठी लागणाऱ्या ‘इन्स्ट्रक्टर’ व्हिसाच्या निकषांत राष्ट्रीयत्वापेक्षा शिक्षणाच्या माध्यमाला महत्त्व आहे. जी भाषा शिकवायची, त्या भाषेतून किमान 12 वर्षांचे शिक्षण झालेले असावे लागते. त्यामुळे पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या उमेदवाराने शाळा आणि महाविद्यालय या दोहोंकडून माध्यमाचा लेखी दाखला आधीच घेऊन ठेवावा. शाळा बंद पडते, तिचे नाव बदलते किंवा जुनी कागदपत्रे सापडत नाहीत, आणि केवळ एका दाखल्यासाठी अर्ज रखडतो. खासगी संभाषणवर्गांसाठी वेगळ्या प्रकारचा व्हिसा असतो आणि त्याला पदवी आवश्यक असते. परदेशी पदवीधरांना शाळांत सहायक शिक्षक म्हणून नेणारा, 1987 पासून चालू असलेला सरकारी ‘जेट’ कार्यक्रम हा जपानमध्ये शिरण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग मानला जातो. परंतु कोणत्या देशांतून कोणत्या पदांसाठी अर्ज घेतले जातील हे दरवर्षी ठरते, म्हणून आपल्या देशातील जपानी दूतावासाची सूचना पाहूनच पुढे जावे.

चीनमध्ये कायदेशीर कामासाठी झेड व्हिसा आणि त्यामागोमाग कामाचा परवाना लागतो. भाषाशिक्षकासाठीच्या सर्वसाधारण अटी म्हणजे इंग्रजीभाषक देशाचे नागरिकत्व, पदवी, आणि दोन वर्षांचा अनुभव किंवा अध्यापनाचे मान्य प्रमाणपत्र. जुलै 2021 मध्ये तेथील सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि लहान मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या खासगी वर्गांचा मोठा बाजार जवळजवळ रातोरात आटला. त्याआधी लिहिलेले चीनविषयीचे सल्ले म्हणून आज निरुपयोगी ठरतात. काम आता मुख्यतः शाळा, बालवाड्या आणि विद्यापीठांत आहे. पर्यटक किंवा व्यवसाय व्हिसावर या, परवाना नंतर काढू, असे कोणी म्हणाले, तर बोलणे तिथेच थांबवावे; सापडल्यास दंड, ताब्यात घेणे आणि देशाबाहेर काढणे हे शिक्षकाच्याच वाट्याला येते.

व्हिएतनाम आणि थायलंड हे ज्यांचा पासपोर्ट त्या सात देशांचा नाही, अशांसाठी खऱ्या अर्थाने विचारात घेण्याजोगे देश आहेत. व्हिएतनाममध्ये पदवी, अध्यापनाचे प्रमाणपत्र, पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि वैद्यकीय तपासणी यांच्या आधारे जास्तीत जास्त दोन वर्षांचा वर्क परमिट मिळतो. थायलंडमध्ये ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा, वर्क परमिट आणि तेथील शिक्षक परिषदेचा परवाना किंवा त्यातून तात्पुरती सूट अशा तीन गोष्टी जमवाव्या लागतात. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून टोइकसारख्या इंग्रजी भाषाचाचणीचे गुण सर्रास मागितले जातात. फिलिपिन्सचे असंख्य शिक्षक थायलंडमध्ये काम करतात, यावरून दार उघडे असल्याचे कळते; मात्र त्यांना त्याच कामासाठी पाश्चात्त्य शिक्षकांपेक्षा कमी पगार दिला जातो, हेही तितकेच उघड आहे. मुलाखतीत हा भेद कोणी बोलून दाखवत नाही. म्हणून आपल्यासारख्याच पासपोर्टवर तेथे शिकवणाऱ्या व्यक्तीला प्रत्यक्ष आकडा विचारावा.

ओमान, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया हेही आशियातच आहेत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. बी.एड. आणि दोन-तीन वर्षांचा शालेय अनुभव असणाऱ्याने या देशांचा विचार पूर्वेकडील देशांच्या आधी करावा, कारण पगारावर वैयक्तिक प्राप्तिकर नाही आणि चांगल्या करारांत निवासाची सोयही असते. नवख्या पदवीधराला मात्र येथे फारसा वाव नाही.

कायद्याच्या कसोटीवर दोन किंवा तीन देश टिकले की मग पैशाकडे वळावे, आणि तेव्हाही पगाराऐवजी महिनाअखेरीस हातात काय उरते ते पाहावे. कोरियात शाळा किंवा वर्गचालक सहसा राहण्याची जागा देतात आणि वर्ष पूर्ण केल्यावर कायद्याने साधारण एक महिन्याच्या पगाराएवढी रक्कम मिळते, त्यामुळे कागदावर बेताचा वाटणारा पगार प्रत्यक्षात बऱ्यापैकी शिल्लक ठेवतो. जपानमध्ये उलट आहे. घर घेताना अनामत रक्कम, मालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम, दलालाचे शुल्क आणि पहिले भाडे असा भार एकदमच पडतो, शिवाय पहिला पगार हाती येईपर्यंत महिनाभर किंवा अधिक काळ जाऊ शकतो. तेथील रहिवासी कर आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर आकारला जात असल्याने पहिल्या वर्षी तो जाणवत नाही आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून पगारातून अचानक मोठी कपात सुरू होते. पहिल्या वर्षाच्या शिलकीवर भरवसा ठेवून बेत आखणाऱ्यांचे गणित हमखास येथेच बिघडते. व्हिएतनाममध्ये राहणीमान स्वस्त असले, तरी करदृष्ट्या रहिवासी न ठरलेल्या व्यक्तीच्या पगारावर सरसकट 20 टक्के कर लागतो, आणि रहिवासी ठरण्यासाठी कॅलेंडर वर्षात किंवा आगमनापासूनच्या सलग 12 महिन्यांत 183 दिवसांचे वास्तव्य ही मुख्य अट आहे. त्यामुळे करार किती महिन्यांचा आहे यालाही महत्त्व येते.

कामाचे स्वरूप हा यानंतरचा, परंतु रोजच्या जगण्यावर सर्वाधिक परिणाम करणारा भाग आहे. हागवॉनमध्ये मुले शाळा सुटल्यावर येतात, म्हणून शिक्षकाचा दिवस दुपारी सुरू होऊन रात्री नऊ-दहापर्यंत चालतो. वर्गात दहा-बारा मुले असतात आणि फी भरणाऱ्या पालकांचे समाधान हा कामाचाच भाग असतो. जपानच्या सरकारी शाळेतील सहायक शिक्षक सकाळी जातो, तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात मुख्य शिक्षकाच्या शेजारी उभा राहतो आणि काही दिवशी त्याच्याकडून शब्द मोठ्याने वाचून घेण्यापलीकडे काहीही अपेक्षित नसते. ज्याला स्वतः वर्ग घडवण्याची हौस आहे, तो येथे कंटाळतो. ज्याला नवी भाषा शिकायला वेळ हवा आहे, त्याला हेच काम मानवते. आपला स्वभाव यांपैकी कोणता, याचे उत्तर कोणताही तक्ता देत नाही.

अध्यापनाच्या प्रमाणपत्राबाबत एवढेच सांगतो की, अभ्यासक्रमाचे 120 तास हा आकडा सगळीकडे दिसत असला, तरी त्यामागचे शिक्षण सारखे नसते. सेल्टा या केंब्रिजच्या इंग्रजी-अध्यापन प्रमाणपत्रासारख्या अभ्यासक्रमात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावे लागते आणि प्रशिक्षक मागे बसून टिपणे घेतो. निव्वळ ऑनलाइन अभ्यासक्रमात हा भाग नसतो. व्हिसासाठी काही देशांत स्वस्त प्रमाणपत्र पुरते. वर्गासाठी पुरतेच असे नाही.

कागदपत्रांचा क्रमही देशाच्या निवडीशी जोडलेला आहे. जपान आणि कोरिया अ‍ॅपोस्टिल (म्हणजे दूतावासाच्या शिक्क्याऐवजी चालणारे एकच आंतरराष्ट्रीय साक्षांकन) स्वीकारणाऱ्या देशांत आहेत, तर या व्यवस्थेबाहेरच्या देशांसाठी पदवीवर आधी आपल्या परराष्ट्र खात्याचा आणि नंतर संबंधित दूतावासाचा शिक्का घ्यावा लागतो, ज्यात आठवडे जातात. पदवीचे साक्षांकन आधी करून घ्यावे. पोलिसांचा दाखला मात्र शेवटी काढावा, कारण तो बहुधा सहा महिन्यांहून जुना चालत नाही. शाळांची सत्रेही ध्यानात ठेवावीत: कोरियाचे वर्ष मार्चमध्ये, जपानचे एप्रिलमध्ये, थायलंडचे मेमध्ये आणि चीन व व्हिएतनामचे सप्टेंबरमध्ये सुरू होते. अर्जाची धावपळ त्याआधी चार-सहा महिने चालते.

करारपत्र हाती आल्यावर पगाराच्या ओळीइतकेच लक्ष दोन कलमांकडे द्यावे. पहिले म्हणजे शिकवण्याचे तास आणि हजेरीचे तास वेगळे लिहिले आहेत का. आठवड्याला 22 तास शिकवणे आणि 40 तास शाळेत बसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरे कलम नोकरी सोडण्याविषयीचे. कोरियाचा ई-2 व्हिसा आणि चीनचा परवाना हे दोन्ही नोकरी देणाऱ्याशी बांधलेले असतात. मुदतीआधी दुसरीकडे जायचे झाल्यास पहिल्या मालकाचे मुक्ततापत्र लागते, आणि ते द्यायचे की नाही हे बऱ्याचदा त्याच्या मर्जीवर असते. ते किती दिवसांच्या सूचनेनंतर दिले जाईल, हे सही करण्यापूर्वी करारात लिहून घ्यावे, आणि लिहून देण्यास नकार मिळाला तर त्याच देशातली दुसरी शाळा पाहावी.