आय-टू-सी बसवर एलईडी लावताय? या चुका टाळा

आय-टू-सी म्हणजे सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलरला दोन तारांनी जोडणारी बस: एसडीए डेटाची, एससीएल क्लॉकची. डेटा जातोय की नाही हे दिसावं म्हणून एसडीए लाइनवर एलईडी लावला आणि तेव्हापासून सेन्सर सापडेनासा झाला, तर कोडमध्ये शोधत बसू नका. मल्टिमीटर घ्या आणि बस शांत असताना एसडीएवर किती व्होल्ट आहेत ते बघा.

३.३ व्होल्टच्या बसवर जवळपास तेवढेच दिसायला हवेत. १.७-१.८ दिसले तर लाल एलईडी लाइन आणि ग्राउंडच्या मध्ये थेट बसलाय. आय-टू-सीमध्ये चिप लाइन फक्त खाली ओढतात, वर नेण्याचं काम लाइन सप्लायशी जोडणाऱ्या एकट्या पुल-अप रेझिस्टरचं. ४.७ किलोओहममधून येणारा जेमतेम ०.३ मिलिअँपिअर करंट एलईडी पिऊन टाकतो आणि लाइन त्याच्या ड्रॉपवरच, म्हणजे एलईडीवर पडणाऱ्या व्होल्टेजवरच, अडकते. 'हाय' मानायला सप्लायच्या ७० टक्के, म्हणजे २.३१ व्होल्ट लागतात. ते येतच नाहीत.

२.४५च्या आसपास दिसले तर बहुधा बेसला १० किलोओहम लावून बीसी५४७ ट्रान्झिस्टर जोडलाय. ही चूक मला जास्त घातक वाटते, कारण टेबलावर सगळं सुरळीत चालतं आणि वायर लांब झाली, थोडा नॉइज आला की मधूनच एरर येतात. शिवाय बस रिकामी असताना एलईडी पेटलेला राहतो, म्हणजे दाखवायचं त्याच्या उलट.

एलईडीला बसमधून करंट द्यायचाच नाही. मध्ये ७४एलव्हीसी१जी१४ इन्व्हर्टर (सिग्नल उलटा करणारी चिप) टाका, त्याच्या आउटपुटवर १ किलोओहम आणि एलईडी. ७४एचसी१४ घरात असेल तर तोही चालेल, पण त्याला बसचाच ३.३ व्होल्ट सप्लाय द्या. ५ व्होल्ट दिले तर ३.३चा 'हाय' त्याला नीट ओळखू येईलच असं नाही. आणि त्याचा सप्लाय बंद राहिला तर आतल्या प्रोटेक्शन डायोडमधून तो अख्खी बस खाली ओढतो.

एवढं करूनही एलईडी दिसत नाही? १०० किलोहर्ट्झवर एक बाइट, एसीके (बाइट मिळाल्याची पोच) धरून ९ क्लॉक, ९० मायक्रोसेकंदांत संपतो. सेकंदातून एकदाच रीडिंग घेत असाल तर डोळ्याला काहीच कळणार नाही. ७४एचसी१२३ या मोनोस्टेबल चिपने पल्स लांबवा. १०० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडला साधारण ४५ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे दोघांच्या गुणाकाराच्या ०.४५ पट. हा गुणक कंपनीनुसार बदलतो, डेटाशीट बघाच.

पण फक्त लांबवलेल्या पल्सवर विसंबू नका. एसडीए खाली अडकली तर नवी एज (लाइनची वर-खाली उडी) येत नाही, एलईडी विझतो आणि बस निवांत आहे असं वाटतं. म्हणून मी दोन एलईडी लावायला सांगेन: एक थेट इन्व्हर्टरवर, दुसरा ७४एचसी१२३वर. पहिला लख्ख पेटलेला आणि दुसरा विझलेला दिसला, की एखादा स्लेव्ह (बसवरचा सेन्सरसारखा भाग) अर्ध्या बाइटवर अडकलाय. एससीएलवर ९ पर्यंत क्लॉक पल्स द्या, एसडीए सुटली की स्टॉप (संवाद संपल्याची खूण) पाठवा आणि मग पुन्हा रीडिंग घ्या.