मोठ्या टेबलाचे व्हॅक्यूम आणि मेमरीचा हिशेब

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एखादी ओळ खोडली किंवा बदलली, तरी तिची जुनी प्रत टेबलात पडून राहते. व्हॅक्यूम, म्हणजे या जुन्या प्रती साफ करणारे काम, टेबल वाचत जाताना अशा प्रत्येक मृत ओळीचा पत्ता मेमरीत टिपून ठेवते; ही यादी मर्यादेपर्यंत भरली, की टेबलाचे वाचन तिथेच थांबते, त्यावरचा प्रत्येक इंडेक्स (ओळी पटकन शोधण्यासाठीची सूची) पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला जातो, आणि मृत ओळी साफ होऊन यादी रिकामी झाल्यावरच वाचन पुढे सरकते. मोठ्या टेबलावर वेळ खाणाऱ्या असतात त्या इंडेक्सच्या याच फेऱ्या.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी हिशेब मांडावा. १६व्या आवृत्तीपर्यंत एका पत्त्याला ६ बाइट लागतात, आणि यादीची मर्यादा ठरवणारे सेटिंग, मेंटेनन्स_वर्क_मेम, मुळात ६४ एमबी असल्याने त्यात सुमारे १ कोटी ११ लाख पत्ते मावतात. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारे व्हॅक्यूम, साधारण २० टक्के ओळी मृत झाल्यावर जागे होते. ५० कोटी ओळींच्या टेबलात हे झाले १० कोटी पत्ते, म्हणजे ९ फेऱ्या. टेबलावर ६ इंडेक्स असतील, तर ५४ वेळा एकेक पूर्ण इंडेक्स वाचला जाणार! हेच काम ६०० एमबीमध्ये एका फेरीत उरकते.

फेऱ्या अंदाजाने ठरवू नयेत. काम चालू असताना पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_व्हॅक्यूम या प्रगती दाखवणाऱ्या तक्त्यातील इंडेक्स_व्हॅक्यूम_काउंट, म्हणजे झालेल्या फेऱ्यांचा आकडा, पाहावा. तो एकाच्या पुढे गेला, तर मेमरी अपुरी पडते आहे.

हाताने व्हॅक्यूम चालवायचे असेल, तर मर्यादा केवळ त्या सेशनपुरती सेट करून वाढवावी. ती सर्व्हरभर वाढवणे धोक्याचे आहे, कारण ऑटोव्हॅक्यूम_वर्क_मेम (ऑटोव्हॅक्यूमपुरती मर्यादा) वेगळे दिले नसेल तर ऑटोव्हॅक्यूमची प्रत्यक्ष सफाई करणारा प्रत्येक वर्कर हीच मर्यादा स्वतंत्रपणे वापरतो, आणि असे वर्कर मुळात ३ असतात. ८ जीबीच्या सर्व्हरवर १ जीबी ठेवले, तर ३ जीबी एकट्या ऑटोव्हॅक्यूमकडे जाऊ शकते. १६व्या आवृत्तीपर्यंत या यादीसाठी १ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरलीच जात नाही. २०२४ च्या १७व्या आवृत्तीत ही मर्यादा गेली आणि पत्ते बऱ्याच कमी जागेत मावू लागले.

माझ्या मते मात्र मेमरीच्या आधी त्या एका टेबलापुरता ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर, म्हणजे वर आलेले २० टक्क्यांचे प्रमाण, ०.०१ (१ टक्का) करून पाहावा. मग व्हॅक्यूम ५० लाख मृत ओळींवरच सुरू होते, आणि त्यांचे पत्ते मूळच्या ६४ एमबीच्या अर्ध्या जागेतही बसतात.