ऊन की ग्रो लाइट? बेळगाव भागातल्या घरांतल्या कुंड्यांसाठी

जानेवारीत खिडकीत टवटवीत असलेली तुळस जुलैत काडीसारखी होते. मग ग्रो लाइटची, म्हणजे झाडं वाढवायला लावायच्या दिव्याची, शोधाशोध सुरू होते. आपल्याकडे वर्षाचे आठ महिने भरपूर ऊन असतं, ते आधी नीट वापरावं. दिवा लागतो तो पावसाच्या चार महिन्यांत, आणि ज्या खोल्यांत ऊन पोचतच नाही तिथे. हा क्रम पाळला तर पैसे वाचतात आणि झाडंही जगतात.

पहिलं काम म्हणजे उजेड मोजणं. आपले डोळे इथे फसवतात, कारण अंधूक खोलीतही बाहुली मोठी होते आणि सगळं स्वच्छ दिसतं. मोबाइलवर लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजणारं फुकट ॲप घ्या. फोन झाडाच्या वरच्या पानांच्या पातळीवर आडवा धरा, स्क्रीन उजेडाकडे. सेन्सर पुढच्या बाजूला, वरच्या कडेजवळ असतो, तिथे बोट येऊ देऊ नका. आकडा थोडा मागेपुढे होईल, पण जागांची तुलना करायला पुरतो. उघड्यावरचं भर दुपारचं ऊन सुमारे १,००,००० लक्स. खिडकीच्या कट्ट्यावर थेट ऊन पडत असताना ३० ते ५० हजार. त्याच खिडकीपासून मीटरभर आत, ऊन न पडणाऱ्या जागी, हजार ते तीन हजार. खोलीच्या कोपऱ्यात शंभरही भरत नाही. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट ही शोभेची झाडं पाचशे-हजारावर तग धरतात, मनीप्लांटला दीड-दोन हजार हवेत. तुळस, मिरची, कढीपत्ता यांना रोज चार-पाच तास खरं ऊन लागतं.

ॲप नको असेल तर पांढरा कागद ठेवून दुपारी त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीची कडा रेखीव असेल तर तुळशीची जागा. सावली पुसट पण बोटं ओळखू येत असतील तर मनीप्लांटची. सावलीच पडत नसेल तर तिथे दिव्याशिवाय काही वाढणार नाही.

आता खिडकीची दिशा. बागकामाच्या बऱ्याच सल्ल्यांत 'दक्षिणेची खिडकी सर्वांत चांगली' असं सरसकट लिहिलेलं असतं. ते थंड, उत्तरेकडच्या देशांचं गणित आहे. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ४ मे आणि ८ ऑगस्टच्या आसपास दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि मधल्या तीन महिन्यांत तो दुपारी चक्क उत्तरेकडे असतो. म्हणून एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं ऊन जवळजवळ येत नाही, त्यात छज्जा असेल तर मुळीच नाही. डिसेंबरमध्ये मात्र दुपारचा सूर्य सुमारे ५१ अंशांवर असतो. खिडकीची वरची चौकट जमिनीपासून सात फुटांवर असेल आणि छज्जा आड येत नसेल, तर ऊन साडेपाच फूट आत येतं. तेव्हा ऑक्टोबर ते फेब्रुवारी कुंड्या दक्षिणेला, मार्च ते मे पूर्वेला. पश्चिमेचं एप्रिलचं ऊन काचेमागे पानं भाजतं. अथणी, रायबाग, गोकाककडच्या कोरड्या भागात तर पातळ पडदा किंवा ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट लावल्याशिवाय तिथे कुंडी ठेवू नये.

दिवा घेण्याआधी खिडकीही तपासा. स्वच्छ साधी काच थोडाच उजेड खाते. धुळीने भरलेली डासांची जाळी बराच खाते, आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांची निळी-तपकिरी काच किंवा आरशासारखी फिल्म निम्म्याहून जास्त उजेड अडवू शकते. जाळी धुऊन, काच आतून-बाहेरून पुसून पुन्हा मोजा. शहापूर-वडगावच्या लांबट, दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंत लागलेल्या घरांत मधल्या सोप्यात खिडकीच नसते. तिथे दोन-तीन कौलांच्या जागी काचेची कौलं बसवली तर वरून उजेड सरळ खाली येतो. खाली भिंतीला चुना किंवा पांढरा रंग असेल तर तो आणखी पसरतो. हा जुना उपाय कुठल्याही दिव्याहून स्वस्त पडतो. फक्त मृगाआधी त्या कौलांवरचं शेवाळ घासून काढायला हवं.

एवढं करूनही मृग लागला की प्रश्न उरतो. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात आणि खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. बाहेरच उजेड दहा हजार लक्सच्या खाली गेला की आतल्या कट्ट्यावर हजार-दोन हजारच येतो. इथे दिवा खरोखर उपयोगी पडतो.

महागडं पॅनेल घ्यायची गरज नाही. पालेभाज्या, रोपं आणि घरातल्या शोभेच्या झाडांसाठी ४ फुटी, २० वॉटच्या, ६५०० केल्विनच्या (म्हणजे किंचित निळसर छटेच्या) दोन साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब पुरतात. खोक्यावर प्रत्येकी २००० ल्युमेन (दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड) तरी लिहिलेले बघा. ४ फूट लांब, १ फूट रुंद फळीच्या वर त्या समांतर, एकमेकींपासून १० सेंटिमीटरवर बसवा. साखळी आणि हुकांवर टांगल्या तर झाड वाढेल तशा वर घेता येतात. वरच्या पानापासून अंतर १५ सेंटिमीटर ठेवा. तिथे साधारण ८ ते १० हजार लक्स मिळतात. अंतर ३० सेंटिमीटर केलं की उजेड जवळपास निम्मा होतो. छताला लावलेल्या ट्यूबखाली रोपं लांबट होतात ती यामुळेच. दिवा चालू असतो, पण दूर असतो.

रोज १४ तास लावा, सकाळी ६ ते रात्री ८. खिडकीत अडीच-तीन तास थेट ऊन पडल्याने जेवढं मिळतं, तेवढं द्यायला या दोन ट्यूबना चौदा तास लागतात, हे लक्षात ठेवा. शिवाय मीटरवर आकडा तोच दिसला तरी पांढऱ्या एलईडीच्या उजेडातला झाडाला वापरता येणारा भाग उन्हापेक्षा थोडा कमी असतो. कोथिंबीर, मेथी, मनीप्लांट यांना हे पुरतं. तुळस तग धरते. मिरचीला फळ धरायला दर चौरस फुटाला ३० वॉट तरी लागतात, ते घरात परवडत नाही. तिला पत्र्याखालच्या उजेडात बाहेरच ठेवा. दिवा २४ तास चालू ठेवून वाढ दुप्पट होत नाही. शेवंती तर रात्र मोठी असल्याशिवाय कळीच धरत नाही. दसऱ्याला फुलं हवी असतील तर तिच्यावर संध्याकाळी दिवा पडू देऊ नका.

'१००० वॉट' छापलेले जांभळे-गुलाबी दिवे बाजारात मिळतात. खरा वॉट भिंतीच्या प्लगवर मोजला तर कित्येकदा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. त्या उजेडात हिरवं पान काळसर दिसतं. मग मावा-कोळीसारखी कीड, पिवळेपणा काहीच वेळेवर दिसत नाही. पांढराच दिवा घ्या.

दोन ट्यूब मिळून ४० वॉट, १४ तासांचे दिवसाला ०.५६ युनिट, महिन्याला साधारण १७. गृहज्योतीची (कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना) तुमची मर्यादा आधीच्या सरासरी वापरावर ठरलेली असते, कमाल २०० युनिट. १८५-१९० वर असलेलं घर या सतरा युनिटांनी २०० ओलांडलं तर पूर्ण बिल भरावं लागतं. हेस्कॉमचं (आपल्या भागातली वीज कंपनी) मागचं बिल काढून बघा आणि मगच तास ठरवा. मर्यादेच्या कडेवर असाल तर १० तास चालवा आणि कुंडी खिडकीजवळ ठेवून बाकीचं आकाशाकडून घ्या.

टायमर घेताना काळजी घ्या. खटक्यांचा साधा टायमर वीज गेली की थांबतो. पावसात दिवसाला दोन तास वीज गेली तर आठवड्यात तो चौदा तास मागे पडतो आणि दिवा रात्रभर जळतो. बॅटरीचा डिजिटल टायमर घ्या. वायर सॉकेटकडे जाताना खाली एक झोळ देऊन वर न्या, म्हणजे पाणी ओघळून सॉकेटमध्ये जात नाही. त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावा. फवारणी दिवा बंद करूनच. वीज कडाडायला लागण्याआधीच प्लग काढा, कारण व्होल्टेजच्या उसळीत ट्यूबचा ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारं आतलं सर्किट) पहिला जातो.

पावसात झाडं मरतात ती बहुतेक वेळा पाण्याने. उजेड कमी झाला की झाड पाणी कमी पितं, पण आपला रोजचा तांब्या चुकत नाही. बोट पेरभर मातीत घाला. ओलं लागलं तर थांबा. खानापूरची साधी भाजलेली मातीची कुंडी बाजूनेही ओल सोडते, म्हणून या चार महिन्यांत ती प्लॅस्टिकपेक्षा बरी.

चिन्हं अशी वाचा. खोडावर दोन पानांमधलं अंतर वाढलं, शेंडा खिडकीकडे वाकला, नवी पानं लहान आली, तर उजेड कमी. दिव्याखालची पानं फिकट, पांढुरकी झाली तर दिवा फार जवळ, ५ सेंटिमीटर वर घ्या. खालची पानं पिवळी आणि माती ओली, तर पाणी जास्त. डिसेंबरमध्ये तुळस पानं टाकते ती मात्र रात्रीच्या थंडीने. तिच्यावर दिवा लावून काही होत नाही, रात्री आत घ्या.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरचं ऊन तीव्र असतं. दिव्याखालचं झाड थेट तिथे नेलं तर दोन दिवसांत पानांवर तपकिरी डाग पडतात. पहिले तीन दिवस फक्त सकाळचा एक तास, पुढचे तीन दिवस दोन तास, मग दर दोन दिवसांनी एक तास वाढवा. साधारण दहा-बारा दिवसांत ते पूर्ण उन्हाला तयार होतं. तेव्हा ट्यूब पुसून, वायर गुंडाळून माळ्यावर टाका.